परदेशात इंग्रजीच्या खासगी शिकवण्या: सोलापूरहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं पदवी झालेल्या, विशी-तिशीतल्या आणि इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या मुलामुलींसाठी आहेत. बाहेर जाऊन शिकवण्या घ्याव्यात असं मनात असेल तर आधी हे वाचा, मग एजंटला भेटा. व्हिसाचे नियम आणि शुल्कं बदलतात. म्हणून ज्या आठवड्यात अर्ज भरणार आहात, त्याच आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आकडे पुन्हा तपासा.

तिकीट काढून गेलो आणि लगेच घरोघरी शिकवण्या सुरू केल्या, असं जमतं का?

बहुतेक देशांत जमत नाही. नोकरीचा व्हिसा हा एका मालकासाठी आणि ठरावीक कामासाठी असतो. शाळेची नोकरी करता करता संध्याकाळी कुणाच्या मुलाला पैसे घेऊन शिकवलं, तर कायद्याच्या नजरेत ते दुसरं, विनापरवाना काम ठरतं. म्हणून "कोणत्या देशात मागणी जास्त" इथून सुरुवात करू नका. अनेक जणांकडून फी घ्यायची मुभा कोणत्या परवान्यात मिळते, ते आधी शोधा आणि देश त्यावरून ठरवा.

भारतीय पासपोर्टवर अशा वाटा थोड्याच आहेत. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचे तरुणांसाठीचे सोडतीचे व्हिसा ही एक वाट. जर्मनीसारख्या देशाचा स्वतंत्र व्यवसायाचा परवाना ही दुसरी. यूएईत आधीपासून राहणाऱ्यांना खासगी शिकवणीचा वेगळा परवाना मिळतो, ही तिसरी. बाकी ठिकाणी आधी नोकरी, आणि खासगी शिकवणी परवानगी मिळाली तरच.

ब्रिटनची सोडत म्हणजे नक्की काय?

तिचं नाव इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. वय १८ ते ३०, किमान पदवी, आणि वर्षाला ३,००० जागा. सोडत साधारण वर्षातून दोनदा उघडते आणि दोन-अडीच दिवसांत बंद होते. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे "सोडतीत नाव लावून देतो, दहा हजार द्या" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. नंबर लागला तर ९० दिवसांत व्हिसाचा अर्ज करायचा. व्हिसा दोन वर्षांचा असतो, वाढवून मिळत नाही आणि आयुष्यात एकदाच मिळतो.

शिकवणीवाल्यांना ही योजना सोयीची का, तर हिच्यात स्वतःचा व्यवसाय करता येतो. अटी तीन: व्यवसायासाठी जागा भाड्याने घ्यायची नाही (राहत्या घरातून चालतं), साहित्य ५,००० पौंडांपेक्षा जास्त किमतीचं नको, आणि नोकर ठेवायचे नाहीत. शिकवणीला वही, फळा आणि लॅपटॉप पुरतो, म्हणून या तिन्ही अटी आपोआप पाळल्या जातात.

बहुतेकांचं घोडं पैशांपाशी अडतं. खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस दिसले पाहिजेत. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. त्याखेरीज आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, म्हणजे दोन वर्षांचे १,५५२, आणि तो अर्जासोबतच भरायचा. व्हिसा शुल्क सुमारे ३०० पौंड. पौंडाचा भाव ११५ रुपये धरला तर शिल्लक २,९०,९५० रुपये, अधिभार १,७८,४८० आणि शुल्क साधारण ३५,०००. विमानाचं तिकीट वेगळं. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. सोलापुरातल्या एखाद्या चांगल्या छातीच्या डॉक्टरांचा दाखलाही त्या ठिकाणी चालत नाही.

"ब्रिटनमध्ये इंग्रजी कोण शिकणार?" असा प्रश्न पडतो. तिथे नव्याने आलेली कुटुंबं, रेस्टॉरंट आणि केअर होममध्ये काम करणारी माणसं, आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा पुन्हा देणारे परिचारक असे शिकणारे भरपूर असतात. आपण स्वतः ती परीक्षा दिलेली असेल तर या लोकांची अडचण आपल्याला लवकर कळते.

आणि ऑस्ट्रेलिया?

वर्क अँड हॉलिडे व्हिसा, उपवर्ग ४६२. भारतीयांसाठी २०२४ मध्ये खुला झाला, वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०. सोडतीचं शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. व्हिसाचं शुल्क साडेसहाशे डॉलरच्या पुढे, आणि जवळ साधारण ५,००० डॉलर दाखवावे लागतात. मुदत एक वर्ष. एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपर्यंतच काम करता येतं, म्हणून कायमची शाळा मिळणं कठीण आणि शिकवण्या, छोटे वर्ग हेच जमण्यासारखं. स्वतःचं काम करायचं तर एबीएन, म्हणजे तिथला व्यवसाय नोंदणी क्रमांक, काढायचा. मुलांना शिकवायचं असेल तर त्या राज्याची बालसुरक्षा तपासणी आधी पूर्ण करायची. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असल्यामुळे सिडनीची तपासणी मेलबर्नमध्ये चालेल असं गृहीत धरू नका.

जर्मनीत खासगी शिकवणी चालते म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, पण त्याला तयारी लागते. तिथल्या निवास कायद्याच्या कलम २१ खाली स्वतंत्र व्यवसायाचा परवाना मिळतो आणि शिकवणं त्यात बसतं. अर्जासोबत खर्च-उत्पन्नाचा आराखडा, आरोग्य विमा आणि "आम्ही यांच्याकडून वर्ग घेऊ इच्छितो" अशी तिथल्या संस्थांची किंवा ग्राहकांची पत्रं जोडावी लागतात. ही पत्रं सोलापुरात बसून मिळवणं हेच खरं काम. दोन-तीन भाषा संस्थांशी आधी ऑनलाइन काम करून ओळख झाली असेल तरच पत्र मिळतं.

एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. जर्मनीत स्वतंत्रपणे शिकवणाऱ्यांना सरकारी निवृत्तिवेतन विमा सक्तीचा आहे. कमाईतला मोठा हिस्सा त्यात जातो, तो फीच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरा. रोजच्या व्यवहारापुरती जर्मन न येता गेलात तर घर शोधतानाच दमछाक होईल.

काका दुबईत आहेत. त्यांच्याकडे राहून शिकवण्या घेऊ का?

पाहुणा म्हणून गेलात तर नाही. डिसेंबर २०२३ पासून यूएईत खासगी शिकवणीसाठी वेगळा परवाना आहे. तो मनुष्यबळ मंत्रालय आणि शिक्षण मंत्रालय मिळून देतात. मुदत दोन वर्षं, शुल्क नाही. शाळेतले शिक्षक, नोकरी नसलेले पण पात्र लोक आणि विद्यापीठाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. आचारसंहितेवर सही करावी लागते, अर्ज फेटाळला गेला तर सहा महिने थांबावं लागतं. मात्र हे सगळं तिथला निवास परवाना हातात असलेल्यांसाठी आहे. म्हणून आधी नोकरी, शिक्षण किंवा कुटुंबाच्या आधारावर निवास, मग हा परवाना. इतर आखाती देशांत हाच नियम लागू आहे असं समजू नका.

थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया सोपे आहेत असं ऐकलं.

तिथे नोकरी मिळण्याची शक्यता जास्त आहे, सोपं मात्र म्हणवत नाही.

थायलंडमध्ये नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि त्यावर वर्क परमिट लागतं. पदवी हवी. भारतीयांकडून टोइक परीक्षेत किमान ६०० गुण मागतात. परमिटवर मालकाचं नाव असतं, त्यामुळे बाहेरची शिकवणी त्यात धरली जात नाही. मुदत संपून राहिलात तर दिवसाला ५०० बाथ दंड, जास्तीत जास्त २०,०००. विनापरवाना काम करताना सापडलात तर दंड भरून परत पाठवतात.

व्हिएतनाममध्ये पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, आणि भाषा केंद्रात शिकवायचं तर इंग्रजीची सी१ पातळी (युरोपीय श्रेणीतली वरून दुसरी) सिद्ध करणारा कागद. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं. कागदांचं प्रमाणीकरण भारतातच करून न्या. तिथे गेल्यावर एक शिक्का कमी आहे हे कळलं तर मूळ पदवी कुरियरने परत पाठवायची, मुंबई-दिल्लीच्या चकरा दुसऱ्याने मारायच्या आणि तोवर महिना-दोन महिने पगार नाही, अशी गत होते.

कंबोडियात ई वर्गाचा व्हिसा मिळतो आणि तो वाढवता येतो, पण कामाचं परमिट तिथेही वेगळं काढावं लागतं. पगार कमी.

कोरिया, जपान, चीन?

कोरियाचा इंग्रजी शिकवण्यासाठीचा ई-२ व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार २०१० पासून लागू आहे. त्यात भारतीयांसाठी सरकारी शाळांपुरतं एक दार आहे, पण त्याला शिक्षकाची पात्रता लागते आणि जागा फार थोड्या. ई-२ वर खासगी शिकवणी बेकायदेशीर आहे.

जपानमध्ये भाषा शाळा पदवीसोबत बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा मागतात. मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांची वाट तिथेच अडते, मग इंग्रजी कितीही चांगलं असो. नोकरीखेरीज शिकवणी घ्यायची असेल तर इमिग्रेशन कार्यालयाची आगाऊ परवानगी काढावी लागते.

चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आणली. त्यानंतर खासगी शिकवणीचा बाजार पार बदलला. इंग्रजीच्या नोकरीतही इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या पासपोर्टला प्राधान्य. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना तिथे आजही आदराने ओळखतात, शीजियाझुआंगमध्ये त्यांचं स्मारक आहे. पण त्या आदराने वर्क परमिट मिळत नाही. खासगी शिकवणीच्या आशेने चीनला जाऊ नका.

"नेटिव्ह स्पीकर हवा" असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. अर्ज करायचाच नाही का?

हा भेदभाव आहे आणि तो उघडपणे चालतो. बऱ्याचदा तुमचं इंग्रजी ऐकण्याआधी पासपोर्टचा रंग बघितला जातो. व्हिसाच्या नियमातच अट असेल तर वेळ घालवू नका. अट फक्त जाहिरातीत असेल तर अर्ज करा आणि सोबत पाच मिनिटांचा शिकवतानाचा व्हिडिओ पाठवा. स्वतःबद्दल बोलू नका, खऱ्या विद्यार्थ्यासमोर एक मुद्दा शिकवून दाखवा. त्याच कामासाठी भारतीय शिक्षकाला कमी पगार सांगतात, तेव्हा घासाघीस करायला कचरू नका.

सोलापूरच्या मुलांची एक बाजू खरोखर भक्कम आहे. घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी-दख्खनी, कॉलेजात इंग्रजी असं वाढलेल्याला दुसरी भाषा शिकताना डोक्यात काय गोंधळ होतो हे आतून माहीत असतं. मुलाखतीत हे सांगा. फक्त "आय नो फोर लँग्वेजेस" म्हणून थांबू नका, एका भाषेची सवय दुसरीत कशी शिरते याचं उदाहरण द्या.

एजंट म्हणतो, आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो. चालेल का?

नाही. काम करताना सापडलात तर दंड, हद्दपारी आणि पुढच्या प्रत्येक देशाच्या अर्जात "कधी हद्दपार केलं होतं का?" या रकान्यात हो लिहावं लागणं, हे सगळं तुमच्या वाट्याला येतं. एजंटच्या वाट्याला काही येत नाही.

याहून गंभीर धोका आहे. थायलंडमध्ये नोकरी आहे असं सांगून तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीला, तसंच लाओस आणि कंबोडियात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याची प्रकरणं घडली आहेत. परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल २०२२ पासून वारंवार इशारे दिले आहेत. खुणा साधारण ठरलेल्या: मुलाखत फक्त चॅटवर, इंग्रजीची चाचणी नाही, टायपिंगचा वेग विचारतात, पगार बाजारापेक्षा फार जास्त, तिकीट ते काढतात, आणि उतरल्यावर पुढे गाडीने प्रवास. शाळेची नोकरी असेल तर कुणीतरी तुमच्याकडून नमुना तास घेऊन बघतंच. तो घेतला नाही तर थांबा.

एजंटकडे ई-मायग्रेट, म्हणजे परदेशी नोकरभरतीच्या सरकारी पोर्टलवरचा, नोंदणी क्रमांक मागा आणि तो तिथे स्वतः शोधा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. पावती मागितल्यावर जो "घरच्यासारखं आहे, पावती कशाला" म्हणेल, त्याच्याकडून उठून या.

कोणता कोर्स करू?

इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सांत केंब्रिजचा सेल्टा सर्वांत जास्त मानला जातो. सुमारे १२० तास, त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवणं, चार लेखी प्रकल्प, पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे. ऑनलाइनही होतो. खर्च लाखाच्या वर. ट्रिनिटीचा सर्टटेसॉल त्याच तोडीचा. "१२० तास ऑनलाइन टेफल" वीस-पंचवीस हजारांत किंवा त्याहून स्वस्तात मिळतो. व्हिसाच्या कागदापुरता काही ठिकाणी चालतो, पण त्यात खरा वर्ग नसतो.

आमचा सल्ला असा: आधी वर्षभर सोलापुरात शिकवा. जुळे सोलापूर, विजापूर रोड, अशोक चौक, कुठेही पाच-सहा जणांचा गट जमवा आणि फी घ्या. शिकवणं आवडतंय आणि जमतंय असं दिसलं, तरच सेल्टाचे पैसे भरा. सेल्टाच्या प्रवेश मुलाखतीत हाच अनुभव उपयोगी पडतो.

माझं मराठी माध्यम. उच्चारांचं काय?

परदेशी उच्चार उसना आणू नका, तो टिकत नाही. आधी समजण्यात अडथळा आणणाऱ्या तीन गोष्टी दुरुस्त करा.

पहिली: शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. इंग्रजीत त्यांच्यासोबत श्वास बाहेर पडतो, आपल्या प-मध्ये पडत नाही. म्हणून आपला "पेन" परक्या कानाला "बेन" ऐकू येतो. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरा आणि "पेन" म्हणा. पट्टी हलली पाहिजे. दुसरी: व. "वेस्ट" दोन आहेत, पश्चिम आणि बंडी. पश्चिमेच्या वेळी ओठ गोल, बंडीच्या वेळी वरचे दात खालच्या ओठावर. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: आघात. "फोटोग्राफ"मध्ये जोर पहिल्या अवयवावर, "फोटोग्राफर"मध्ये दुसऱ्यावर, "फोटोग्राफिक"मध्ये तिसऱ्यावर. आपण सगळीकडे सारखा जोर देतो, त्यामुळे व्याकरण अचूक असूनही समोरचा "पार्डन?" म्हणतो.

भारतापुरते प्रयोगही ओळखून ठेवा. "प्रिपोन", "पास्ड आऊट इन २०२२", शंका या अर्थी "आय हॅव अ डाऊट", "युवर गुड नेम". आपल्यात बोलताना खुशाल वापरा, विद्यार्थ्याला मात्र शिकवू नका.

कागदपत्रं सोलापुरातून कशी करायची?

पासपोर्टसाठी पुण्याला जावं लागत नाही. सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयात पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये, तत्काळला २,००० जास्त. पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्टच्याच पोर्टलवरून मागायचा, शुल्क ५०० रुपये. पत्ता शहरातला असेल तर पडताळणी शहर पोलीस आयुक्तालयाकडून होते, बार्शी, पंढरपूर, मंगळवेढ्याकडचा असेल तर ग्रामीण पोलिसांकडून. पुण्यात खोली करून राहत असाल तर तेही अर्जात लिहा, लपवलं तर पडताळणी अडकते. पीसीसी फार आधी काढू नका. बरेच देश सहा महिन्यांच्या आतलाच मागतात.

पदवीचं अपॉस्टिल (कागद परदेशात मानला जावा यासाठीचं सरकारी प्रमाणीकरण) करताना आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. मंत्रालयाचं स्वतःचं शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, बाकीचे काही हजार सेवा देणाऱ्याचे. मंत्रालय अर्ज थेट घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. जो देश अपॉस्टिल करारात नाही, तिथे त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. यूएई त्यातलाच. चीन नोव्हेंबर २०२३ पासून या करारात आहे, पण भारताने हरकत घेतल्यामुळे भारत-चीन यांच्यात तो लागू नाही, म्हणून तिथेही दूतावासाचा शिक्का लागतो. पदवीचं मूळ प्रमाणपत्रच लागतं, तात्पुरतं प्रमाणपत्र चालत नाही. दीक्षान्त समारंभाची पदवी उचलली नसेल तर आजच अर्ज टाका.

आपल्या विद्यापीठाचं नाव २०१९ मध्ये बदलून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. ज्यांची गुणपत्रकं जुन्या नावाची आणि पदवी नव्या नावाची आहे, त्यांनी विद्यापीठाकडून दोन्ही एकच असल्याचं पत्र घ्यावं. नाहीतर परदेशातला तपासनीस दोन विद्यापीठं समजतो आणि फाइल बाजूला ठेवतो.

गुणपत्रकावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. अडचण येते का?

येते, आणि फार जणांना येते. दहावी-बारावीच्या कागदावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो. परदेशी कारकून पहिला शब्द म्हणजे नाव समजतो. पासपोर्टमध्ये पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव, दुसऱ्यात आडनाव असं भरा, आणि विमान तिकीट, आयईएल्ट्स, सेल्टा या सगळ्यांवर अक्षरन् अक्षर तेच ठेवा. नोटरीचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र सोबत असू द्या. स्पेलिंगच वेगळं असेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नोंद करून घ्या.

फी किती सांगायची?

शेजारचा शिक्षक किती घेतो ते बघाच, पण आधी स्वतःचा हिशेब करा. समजा महिन्याचा खर्च १,२०० पौंड. आठवड्याला २० तास शिकवायचं ठरवलं, म्हणजे महिन्याचे ८०. त्यातला चौथा हिस्सा रद्द होतो, सुट्ट्यांत जातो. उरले ६०. १,२०० भागिले ६० म्हणजे तासाला २० पौंड, आणि यात फक्त खर्च भागतो. कर, आजारपण आणि परतीचं तिकीट धरून २५ सांगा.

वीस तास कमी वाटतात, पण नवीन शिक्षकाला तासामागे अर्धा तास तयारी लागते आणि प्रवास वेगळा. तीस तासांच्या वर गेलात तर दोन महिन्यांत तयारी थांबते आणि विद्यार्थी गळायला लागतात.

दहा तासांची फी आगाऊ घ्या. २४ तासांच्या आत रद्द केलं तर तास गेला, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून द्या. संकोचाने हा नियम न सांगणं ही आपल्याकडच्या शिक्षकांची नेहमीची चूक. सुट्ट्यांचे महिने आधीच ओळखा: युरोपात ऑगस्ट, व्हिएतनाममध्ये तेतचा काळ, थायलंडमध्ये एप्रिलचा सोंगक्रान. त्या वेळची कमाई शून्य धरूनच बेत करा.

पहिल्या तासात काय करायचं?

पुस्तक उघडायचं नाही. पहिली दहा मिनिटं साध्या गप्पा, आणि तेवढ्यात पातळी ओळखायची: काल काय केलं, पुढच्या आठवड्यात काय करणार, एक कोटी मिळाले तर काय कराल. पहिल्याला भूतकाळ लागतो, दुसऱ्याला भविष्य, तिसऱ्याला अटीची रचना. कुठे गाडी अडते ते लिहून ठेवा. मग पंधरा मिनिटं गरज विचारा: इंग्रजी कुणाशी, कुठे, कशासाठी बोलायचं आहे. पुढची पंचवीस मिनिटं त्याच गरजेतला एक छोटा प्रसंग, म्हणजे डॉक्टरांकडे वेळ मागणं, साहेबाला उशीर का झाला ते सांगणं. शेवटी त्याच्याच तीन चुका फळ्यावर लिहा आणि त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या. तासभर तुम्हीच बोललात तर तो तास फुकट गेला.

"तीन महिन्यांत फाडफाड" असं कबूल करू नका. युरोपीय श्रेणीत एक पायरी चढायला साधारण २०० तासांचा अभ्यास लागतो. आठवड्याला दोनच तास आणि घरी काही नाही, तर दोन वर्षं जातात. हे आधी सांगितलं तर विद्यार्थी टिकतो.

त्या त्या देशाच्या विद्यार्थ्यांच्या चुका वेगळ्या असतात का?

हो. अरबी भाषकाला प जड जातो, "पार्किंग"चं "बार्किंग" होतं. थाई आणि व्हिएतनामी विद्यार्थी शेवटचं व्यंजन गिळतात. स्पॅनिश भाषक "स्कूल"ला "एस्कूल" म्हणतो. जपानी भाषकाचा र-ल चा घोळ होतो. जाण्याआधी त्या भाषेचे महिनाभर धडे घ्या. चुकांचं मूळ कळतं आणि भाजीही घेता येते.

मुलगी एकटी जाणार आहे. घरचे विचारतात, काळजी काय घ्यायची?

पहिले दोन तास वाचनालय किंवा कॅफेत. घरी शिकवायला जायचं तर विद्यार्थ्याचं ओळखपत्र आणि पत्ता आधी घ्यायचा आणि तो एका विश्वासू व्यक्तीला पाठवायचा. लहान मूल असेल तर पालक घरात आणि खोलीचं दार उघडं. ही काळजी मुलग्यांनीही घ्यायची आहे, आरोपांपासूनही तेच वाचवतं. पहिला महिना कुणी आगाऊ भाडं मागितलं तरी खोली न बघता पैसे पाठवू नका. पासपोर्ट कुणालाही ठेवायला देऊ नका, मालकालाही नाही. पोहोचल्यावर भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवा. पगार बुडवला, पासपोर्ट अडवला अशी तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर करता येते.

संस्थेचे विद्यार्थी स्वतःकडे वळवले तर?

करार वाचा. बहुतेक करारांत ते मना असतं आणि सोडल्यानंतरही काही महिने लागू राहतं.

शेंगाची चटणी नेता येते का?

बऱ्याच देशांत नेता येते. ऑस्ट्रेलियात मात्र उतरताना भरायच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत असं लिहाच. जाहीर केलं तर फार तर काढून घेतील. लपवलं तर जबर दंड होतो आणि व्हिसाही धोक्यात येतो. मूळ प्रमाणपत्रं मात्र हातातल्या बॅगेत, चटणी खाली.

बँक आणि कराचं काय?

नोकरी-व्यवसायासाठी बाहेर गेल्यावर इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यावं लागतं, बँकेला न कळवता तसंच चालवणं फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमात बसत नाही. कामासाठी निघालेल्या भारतीयाचा भारतातला मुक्काम त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी असेल, तर साधारणपणे तो करासाठी अनिवासी ठरतो. म्हणून २८ सप्टेंबरपर्यंत निघालात तर हिशेब सोपा होतो. ब्रिटनमध्ये करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, आणि वर्षात १,००० पौंडांपेक्षा जास्त व्यवसायाची जमा झाली की एचएमआरसी या तिथल्या कर खात्याकडे नोंदणी करावी लागते. प्रत्येक फीची पावती द्या, रोख असली तरी. व्हिसा किंवा घरभाड्याच्या वेळी उत्पन्नाचा पुरावा मागतात, तेव्हा त्याच पावत्या कामी येतात.